कुत घोड्याच्या मांसापायी पडलं नाही

परवा आत्याचा फोन आला. "आजोबांनी घोडं खाल्लं असतं, तर परत आले असते का रे?" ऐंशीला टेकलेल्या बाईच्या जिवाला हा घोर लावला आमच्या घरच्या ग्रुपवर आलेल्या एका मजकुराने. म्हणे, पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कुत, म्हणजे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेलं ब्रिटिश फौजेचं ठाणं, पडलं ते हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारल्यामुळे. त्यांच्यातल्या कुणाचीच डायरी नाही, कारण सगळे अंगठेबहाद्दर. आणि कैदेत सगळ्यांचे हाल सारखेच झाले. आमचे पणजोबा मराठा पलटणीतून तिकडे गेले, ते गेलेच.

आधी मांसाचं. बऱ्याच शिपायांनी ते बरेच दिवस नाकारलं, हे खरं. त्याने ते खंगले, स्कर्व्हीने (जीवनसत्त्व 'क'च्या अभावी होणाऱ्या आजाराने) पडले, हेही खरं. एप्रिलमध्ये पुष्कळांनी खायला सुरुवातही केली होती, ते मात्र मजकुरात नाही. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने चालला. आतल्या फौजेचा ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड याने अन्न थोडेच दिवस पुरेल असं कळवलं, म्हणून सोडवायला निघालेली फौज पुरती जमायच्या आत पुढे ढकलली गेली. मग जानेवारीत गावात घरोघर झडती घेतली, तर धान्य सापडलं! ही झडती पहिल्याच आठवड्यात घ्यायला काय हरकत होती? आतल्या सुमारे १३ हजारांना सोडवताना बाहेर सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. शेवटी २७० टन शिधा घेऊन निघालेली 'जुलनार' बोटही तुर्कांच्या हाती लागली. यात शिपायाच्या ताटाचा दोष कुठे आला?

कैदेचं दोन ओळींत. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं; शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं.

राहिली डायरी. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं, कबूल. पण बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरचे, म्हणजे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बंगाली स्वयंसेवकांच्या पथकातले, शिशिरप्रसाद सर्वाधिकारी कुतमध्येच पकडले गेले. त्यांनी डायरी फाडून तिचे कपटे बुटात लपवले, त्यावरून पुन्हा लिहिली. नदी ओलांडताना ती भिजली. सीरियातल्या रास-अल-ऐनला काही दिवस जमिनीत पुरून ठेवावी लागली. अलेप्पोच्या इस्पितळात त्यांनी ती परत उतरवून काढली. पुढे ती बंगालीत छापूनही आली. आणि मजकूर म्हणतो, डायरीच नाही!

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. ज्या भाच्याने तो मजकूर टाकला, त्याने तो आज काढावा आणि तिला स्वतः फोन करावा.