तिखटाचा आकडा

मागच्या फेब्रुवारीत मामा आमच्याकडे जपानात साप्पोरोला आला होता, बर्फाचा उत्सव बघायला. १९५० पासून भरतोय हा उत्सव, ओदोरी पार्कात बर्फाचे वाडेच्या वाडे उभे करतात. दोन तासांत मामाचा उत्सव बघून झाला, पायाची बोटं बधिर झाली आणि त्यानं विचारलं, "हितं झणझणीत काय मिळतंय का गं, का समदं गुळमाटच?"

मी त्याला घराजवळच्या सूप करीच्या दुकानात नेलं. बारा खुर्च्या, काचांवर वाफ. दार उघडल्याबरोबर जिऱ्या-धण्याचा वास आला आणि मामाचा चेहरा खुलला.

जपानी करी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना ती तपकिरी, दाट, गोडसर करीच आठवते. ती ब्रिटिशांकडून इथे आली, मैदा भाजून दाट केलेली. १९६३ साली निघालेल्या व्हरमाँट करीच्या वड्यांत तर सफरचंद आणि मध असतो. पोरं आवडीनं खातात, ताप आला की मीही खाते. सूप करी तिच्या घराण्यातली नाही. कोंबडीची नाहीतर डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेलं पाणी, त्यात मसाले, वर तेलाचा तवंग. मैद्याचा पत्ता नाही. त्यात कोंबडीची अख्खी तंगडी, चमचा लावला की हाडावरून सुटणारी. भाज्या मात्र रश्शात शिजवत नाहीत. भोपळा, वांगं, गाजर, बटाटा, कमळकाकडी, भेंडी, सगळं पीठ न लावता नुसतं तळून वरून मांडतात. बटाटा, भोपळा, कांदा ही होक्काइदोची, म्हणजे आमच्या या बेटाची पिकं, त्यामुळे इथल्या भोपळ्याला जी चव आहे ती मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

(शाकाहारी मंडळींनो, सहलीला आलात तर 'भाज्यांची सूप करी' वाचून हुरळून जाऊ नका. वर भाज्या असल्या तरी खाली रस्सा हाडांचाच असतो. आधी विचारा.)

या प्रकाराची सुरुवात १९७० च्या दशकातल्या ज्या दुकानापासून धरतात, त्याचं नाव अजंता. हो, आपलं अजिंठा! तिथे औषधी मसाल्यांचा पातळ रस्सा मिळायचा. 'सूप करी' हे नाव मात्र १९९३ साली निघालेल्या मॅजिक स्पाइस या दुकानानं पाडलं, आणि त्यांना ती कल्पना सुचली इंडोनेशियातल्या सोतो आयाम या कोंबडीच्या सूपवरून. म्हणजे नाव अजिंठ्याचं आणि कोंबडी जावाची. 'हे आपलंच आहे' म्हणायला फारशी जागा नाही, तरी मामा म्हणालाच.

मागवताना रस्सा कोणता ते सांगायचं (साधा, टोमॅटोचा, कोळंबीचा, नारळाचा), मग भात किती, आणि मग तिखटाचा आकडा. प्रत्येक दुकानाची मोजपट्टी वेगळी, एकाचा तीन तो दुसऱ्याचा दहा. मॅजिक स्पाइसमध्ये तर आकड्यांऐवजी सात पायऱ्यांना नावं आहेत. पहिली जागृती, दुसरी ध्यान, तिसरी तळमळून बेशुद्ध पडणं, आणि चौथी निर्वाण. निर्वाण चौथ्या पायरीवरच! त्याच्याही वर स्वर्गसुख, मग आकाश, आणि शेवटी नुसती पोकळी. मी अजून ध्यानाच्या पुढे गेलेले नाही.

मामानं आमच्या दुकानात थेट वरचा आकडा सांगितला. वाढणाऱ्या मुलीनं अदबीनं कळवलं की पाचाच्या वर जादा पैसे पडतील. मामा माझ्याकडे बघायला लागला. "तिखटाचं पैसं?" ज्या गावात मिसळीवर कट मागाल तितका फुकट वाढतात, तिथल्या माणसाला हे पचणं अवघडच. पण मागे हटेल तो मामा कसला.

पहिल्याच घोटाला ठसका. डोळ्यांतून पाणी, नाक लाल. जपानीत तिखट आणि असह्य हे दोन्ही शब्द एकाच चिन्हानं लिहितात, कराई वाचलं तर तिखट, त्सुराई वाचलं तर सोसवत नाही असं. मामाच्या तोंडावर दोन्ही एकदम वाचता येत होतं. शेजारच्या टेबलावर सत्तरीची एक आजी, बहुधा त्याच आकड्याचं, कपाळावर रुमाल टिपत शांतपणे खात होती.

इथं मला मामाची बाजू घ्यायची आहे. तो तिखटाला कच्चा नाही. तांबड्या रश्शात खोबरं असतं, तीळ असतात, सोबत भाकरी असते, ती सगळी तिखट धरून ठेवतात. इथे चमच्यात नुसतं गरम पाणी आणि वर तरंगणारं तिखट तेल, ते सरळ घशावर जातं. म्हणून इथली पद्धत अशी की भाताचा चमचा भरायचा आणि तो रश्शात बुडवून खायचा. इथला भात चिकट, चमच्याला धरून राहतो. मामानं आपल्या सवयीनं सगळा भात वाडग्यात ओतला, कालवला, आणि वर मुलीला हाक मारून खूण केली, रस्सा वाढ! ती बिचारी पाण्याचा जग घेऊन धावत आली. इथे रस्सा परत वाढत नाहीत.

आता माझं मत, ज्यासाठी हा एवढा पसारा मांडला. आपण तिखटाचा माज करतो. कोल्हापूर मोठं की नागपूरचं सावजी, यावर भांडतो. कमी तिखट मागणाऱ्याला 'आजारी आहेस का' विचारतो, आणि बायकांना तर न विचारताच कमी तिखटाचं वाढतो. माझ्यापुढे असं कितीदा झालंय. इथे माझ्याबद्दल कोणी आधीच काही ठरवत नाही, आकडा विचारतात आणि तो देतात. बरं नसेल तेव्हा मी एक सांगते, बर्फ पडत असेल तर चार. ती आजी सांगेल ते तिला मिळतं. आपल्याकडेही असं हवं, असं मी त्या रात्री घरी येताना मामाला ऐकवलं.

मामा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आकडा कशाला लागतोय? तांबड्याच्या शेजारी पांढरा कशापायी ठेवत्यात मग?"

मला थांबावंच लागलं. ताटात दोन वाट्या, ज्यानं त्यानं आपल्या जिभेप्रमाणे घोट घ्यायचा, एकावर एक ओतायचा, कमी-जास्त करायचा. लहानपणापासून तेच करत आले आणि ते कधी असं बघितलं नव्हतं. तरीही मामा, मिसळीच्या गाड्यावर पांढरा मिळत नाही, हे माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. मला वाटलं प्रकृतीचं काही असेल. "ती भेंडी अख्खी तळत्यात, तार सुटत नाही ती कशी, विचारून सांग." घरात भेंडीचं ताट सरकवून उठणारा माणूस! मी उद्या दुकानात जाऊन विचारणार आहे. आकडा तीन.