‘मास्टरिंग करून गाण्यातला जीव काढला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या गाण्याचं मास्टरिंग, म्हणजे प्रसिद्धीआधीचं शेवटचं ध्वनिसंस्करण, आम्ही केलं. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की ध्रुवपदात आवाज मध्येच पातळ होतो, तुम्ही पाठवलेल्या मूळ मिक्सपेक्षा (गळा आणि गिटार एकत्र केलेल्या फाइलपेक्षा) गाणं लहान वाटतं आणि आम्ही ‘मल्टीबँडचा प्रीसेट (आयती सेटिंग) लावून मोकळे झालो’. काल तुमची फाइल पुन्हा उघडली. आवाज पातळ होतोय, ते खरं आहे. चूक माझी.

गिटारचा माइक बहुधा साउंडहोलच्या अगदी तोंडाशी होता. गिटारची पोकळी साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ‘ए’ची मोकळी तार 110 हर्ट्झची. त्यामुळे ध्रुवपदात ए कॉर्ड आली रे आली की तेवढा एकच सूर ढोलासारखा उसळायचा. त्याला आवरायला मी मल्टीबँड कॉम्प्रेसरवर (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे दाबणाऱ्या साधनावर) 80 ते 250 हर्ट्झचा पट्टा धरला आणि प्रत्येक उसळीला पाच-सहा डेसिबल दाबलं. गिटार बसली. पण तुमच्या गळ्याचा भरदारपणाही त्याच पट्ट्यात आहे. पातळी कुणामुळे चढली हे कॉम्प्रेसरला काय कळणार? गिटारबरोबर गळाही दबला. त्यात रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, 400 मिलिसेकंद, आणि तुमच्या लयीत गिटारचा पुढचा स्ट्रोक 300च्या आसपास येतो. म्हणजे दाब पुरता सुटायच्या आत पुन्हा बसायचा. मी तो पट्टा सोलो करून, म्हणजे तेवढाच वाजवून, गिटारच ऐकत बसलो. इतक्या वर्षांनंतरही हा मोह सुटत नाही.

प्रीसेट मात्र नव्हता. एवढा एक पट्टा सोडला तर बाकीचे सगळे बायपास, म्हणजे बंद, होते.

‘लहान वाटतं’ हे मला तितकंसं पटत नाही. तुमच्या मिक्सवर आधीच लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारं साधन) होता, पातळी उणे 9 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक; शून्याजवळ तितका मोठा) घरात आणि वेव्हफॉर्मचे शेंडे छाटलेले. आमचा मास्टर उणे 13 ला आहे. जरा मोठ्यानं वाजलेलं कानाला नेहमीच सरस वाटतं, म्हणून मिक्स चार डेसिबल खाली ओढून दोन्ही ऐकून बघा. शिवाय स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे 14 च्या आसपास आणतंच, तिथे तो वाढीव मोठेपणा उरत नाही.

गळा आणि गिटार वेगवेगळ्या ट्रॅकवर पाठवा, 24 बिटमध्ये, मास्टरवरचा लिमिटर काढून. फक्त गिटारवर 110 ला डायनॅमिक इक्यू (सूर उसळेल तेव्हाच तेवढा अरुंद भाग दाबणारं साधन) लावतो. मग मास्टरवर मल्टीबँडची गरज बहुतेक पडणार नाही. खरं तर हे ट्रॅक मी पहिल्याच दिवशी मागायला हवे होते. याचे पैसे अर्थातच नाहीत.

वेगळे ट्रॅक राहिले नसतील तर तोच अरुंद इक्यू स्टीरिओ फाइलवर लावता येईल. गळा बराचसा वाचेल, गिटारची थोडी घुमघुम मात्र राहील. यातलं काय करायचं ते मेलवर कळवा.