२५२० बद्दलचे तीन दावे

२२ डिसेंबरचा गणित दिन जवळ आला की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातली एकमेव संख्या, ती रामानुजन यांनी शोधली आणि तिचे रहस्य ७ वार × ३० दिवस × १२ महिने या आपल्या कालगणनेत आहे, असे त्यात म्हटलेले असते. मुले हे फळ्यावर लिहितात, म्हणून तपासायलाच हवे.

‘एकमेव’ साफ चूक आहे. ५०४०, ७५६०, १००८० अशा २५२० च्या प्रत्येक पटीला तसाच भाग जातो. एक लाखापर्यंतच अशा ३९ संख्या आहेत, पुढे अगणित. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि.

तो काढताना दहापर्यंतचे मूळ संख्यांचे सर्वांत मोठे घात घ्यायचे: ८, ९, ५, ७. यांचा गुणाकार २५२०. काही मुले दहाही संख्या गुणून ३६,२८,८०० वर थांबतात. भाग जातो, पण ती संख्या १४४० पट मोठी. त्याहून वाईट चूक पडताळणीत होते. ४ ने आणि ६ ने भाग गेला म्हणजे २४ नेही जाणार, असे धरले जाते. १२ घेऊन पाहा, लगेच फसते, कारण ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे. ५, ७, ८, ९ यांच्यात कोणत्याही दोघांत १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून तेवढेच तपासले की पुरे: एककस्थानी ०, ७ × ३६०, शेवटचे ५२० म्हणजे ८ × ६५, अंकांची बेरीज ९.

वर्गात याच्या शेजारी २५१९ जरूर ठेवावी. पाडेलीने २५१९ नारळ उतरवले, तर २ पासून १० पर्यंत कितीचेही वाटे घाला, शेवटच्या वाट्यात नेमका एक कमी पडतो.

कालगणनेचा गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष नाही. ३० × १२ = ३६०; तिला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ७ ने गुणले, उणीव भरली. १० × १४ × १८ सुद्धा २५२० च होतात.

रामानुजन यांचे श्रेय मात्र यापेक्षा कितीतरी मोठे आहे. लसावि तर नवव्या शतकात महावीराचार्य अपूर्णांकांच्या बेरजेला वापरत होते. रामानुजन यांनी १९१५ च्या निबंधात आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा अभ्यास केला. त्यांच्या यादीत २५२० आहे: फोड २³ × ३² × ५ × ७, प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणले की ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. हाताने केलेल्या त्या यादीत २,९३,३१,८६,२५,६०० ही संख्या राहून गेली. तिची फोड २⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९, विभाजक ५०४०.