बर्फ कशाला, नदीला पाणी आलं तरी पुरे

चारी बाजूंनी अडकलेल्या माणसांत खून, ही गोष्ट बर्फाशिवाय होतच नाही, असं एका मित्राने परवा ठासून सांगितलं. विषय होता अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेरावरच्या, डेव्हिड सुशे या नटाच्या 'प्वारो' मालिकेतला २०१० सालचा ओरिएंट एक्सप्रेस या आगगाडीचा भाग. मराठवाड्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, हे कबूल. बाकीचं मला अजिबात पटलेलं नाही.

आधी त्या भागाविषयी. (रहस्य फोडत नाही, घाबरू नका.) बऱ्याच जणांना तो रटाळ आणि उदास वाटतो. १९८९ ते २०१३ चाललेल्या या मालिकेत मला तो फार वरचा वाटतो, आणि त्याचं कारण त्यातली थंडी. गाडी युगोस्लाव्हियात बर्फात रुतते, रात्री एका श्रीमंत प्रवाशाला कुणीतरी भोसकतं, आणि तिथले पोलीस पोचायच्या आत काय ते बघा म्हणून रेल्वे कंपनीचा साहेब ते लोढणं प्वारोच्या गळ्यात बांधतो. इथवर सगळं ख्रिस्तीबाईंच्या १९३४च्या कादंबरीतलंच. पण या भागात डब्यातली ऊब जाते, दिवे जातात. एरवी शेवटचा उलगडा म्हणजे प्वारोचा हक्काचा फड. इथे माणसं कोट गुंडाळून अंधारात कुडकुडतायत आणि तो संतापलाय. कायद्याला धरून राहायचं की नाही, हे पोलीस यायच्या आत ठरवायचंय, आणि उठून निघून जायला वाट नाही. शेवटी हातात जपमाळ घेऊन तो बर्फातून चालतो, तेव्हा सुशेचा चेहरा बघा. भर मे महिन्यात, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून पाहिला, तरी अंगावर काटा आला.

आता गंमत ऐका. अगाथा ख्रिस्ती १९३१च्या डिसेंबरात इराकमधल्या उत्खननावरून याच गाडीने परतत होत्या आणि गाडी वाटेत अडकली. कशाने? पावसाने! पुढचा रूळच वाहून गेला होता. बर्फही अगदी हवेतला नाही. १९२९ मध्ये तुर्कस्तानात ही गाडी हिमवादळात कित्येक दिवस अडकून पडली होती. पण बाईंनी स्वतः भोगलं ते पाणी.

मग आपलं काय अडलंय? सप्टेंबर २०२५ मध्ये परांड्याकडे सीना नदीच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्या हालांवर कुणी करमणूक करावी असं मी म्हणत नाही. साधा पावसाळा घ्या. पूल पाण्याखाली, लाईट गेलेली, मागोमाग टॉवर बंद. मुक्कामी आलेली एसटी तिथेच अडकलेली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि चार परके प्रवासी शाळेच्या खोलीत. पाऊलखुणांना बर्फच लागतो असं थोडंच आहे? आमच्या काळ्या रानात पाय पडला की चप्पल आतच राहते. वर काढली तर दोन किलो चिखलासकट येते. त्यात सकाळी वाड्यात प्रेत सापडतं.

आणि तपास कुणी करायचा? पोलीस पाटलाने. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याच्यावर गावची जबाबदारी आहेच. मला तर तो प्वारोपेक्षा जास्त अडचणीत सापडलेला माणूस वाटतो. प्वारो गाडी सुटली की मोकळा. त्या बारा-तेरा जणांची तोंडं त्याला पुन्हा बघायची नाहीत. पाटलाचं अर्धं गाव भावकीत, उरलेल्या अर्ध्यात सोयरीक. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच बांधाला बांध. पाणी ओसरलं की फौजदार येणार, आणि तोवर सत्य कितपत बाहेर काढायचं हे त्याला एकट्याला ठरवायचंय.

हे सोडून आमचे मालिकावाले अजून डोंगरावरचा बंगला आणि धुराचं मशीन घेऊन बसलेत. कुणी मनावर घेतलंच तर सुरुवात पंचनाम्यापासून करा. मयताजवळ कुणी उभं राहायला तयार नसताना पंच म्हणून सही करायला जे दोघे आपण होऊन पुढे येतील, माझा पहिला संशय त्यांच्यावर.