पाऊस बरा झाला, तरी झाडं का मरताहेत?

दुष्काळ म्हटलं की आपण पर्जन्यमापकाकडे बघतो. सरासरी गाठली की दुष्काळ संपला! झाडाला हा हिशोब लागू पडत नाही, आणि जंगलांबद्दलची बरीचशी चर्चा इथेच घसरते असं मला वाटतं.

जमिनीतून पाणी किती मिळतं, हे अर्धंच झालं. हवा ते किती ओढून घेते, तेही बघायला हवं. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी पानांतून पाणी जास्त खेचलं जातं. झाड मग पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं. पाणी वाचतं, पण अन्न बनणं थांबतं. साठवलेल्या साखरेवर दिवस काढायचे. रंध्रं उघडी ठेवावीत, तर खोडातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा सलग धागा ताणला जाऊन तुटतो, बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी. हे तुटणं आपल्याला ऐकू येत नाही, पण खोडाला संवेदक लावले की टिपता येतं. (वाचून अंगावर काटा आला होता.)

२०१२च्या एका अभ्यासात जगभरातल्या २२६ वृक्षजाती तपासल्या होत्या. त्यातल्या ७० टक्के जाती नळ्या निकामी होण्याच्या या धोक्याच्या रेषेला अगदी खेटून जगतात. भरपूर पावसाच्या जंगलातल्यासुद्धा!

शेवटचा घाव किडीचा असतो, म्हणून बदनाम तीच होते. धडधाकट स्प्रूसची (हा थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष) साल भुंगेऱ्यानं पोखरली तर झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. तहानलेल्या झाडाकडे तेवढी राळच नसते. मग सालीच्या भेगांत कॉफीच्या भुकटीसारखा तपकिरी भुसा दिसतो, आणि तो दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. उन्हाळा लांबला की भुंगेऱ्यांची एखादी पिढी जास्तीची निघते. जर्मनीत जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ दरम्यान ५ लाख हेक्टरांवरचं झाडांचं छत्र गेलं, त्यात स्प्रूस मोठ्या प्रमाणावर होता. पण सगळं खापर हवामानावर फोडू नका. लाकडासाठी सखल, उबदार भागात एकाच जातीच्या रांगा माणसांनीच लावल्या होत्या.

कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ दुष्काळ होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात धो धो पाऊस झाला, तरी २०१७ मध्ये आणखी सुमारे २ कोटी ७० लाख मेलेली झाडं मोजली गेली. नळ्या आधीच गेल्या होत्या, कीड आत होती. पाऊस येऊन करणार काय?

म्हणून ‘मेली तेवढी नवीन लावू’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुष्काळात सहसा मोठी झाडंच जास्त मरतात, आणि त्यांनी साठवलेला कार्बन रोपाला साठवायला कित्येक दशकं लागतात. पुन्हा तीच जात, तेवढीच दाट लावायची असेल तर आनंदच आहे.

माझं म्हणणं, दाट लावलेली जंगलं विरळ करा, जाती मिसळा. हे मी सदाहरित नैसर्गिक जंगलांबद्दल बोलत नाहीये. तरी झाडं तोडा म्हटलं की पर्यावरणप्रेमी मित्र चिडतात. चिडोत. पाण्याचे वाटेकरी कमी केल्याशिवाय उरलेल्यांना ते पुरणार कसं, हे मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही.