नव्या कार्यवाहांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

वारसा मंडळाच्या तालुका शाखेच्या कार्यवाहपदी तुमची बिनविरोध निवड झाली, अभिनंदन. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी अर्जच भरला नाही, हे एव्हाना कळलं असेलच. मी ही खुर्ची बारा वर्षं सांभाळली. राज्याच्या मंडळाचं एकही परिपत्रक अनुत्तरित ठेवलं नाही, अहवाल दरसाल मार्चच्या आत धाडला, आणि बारा वर्षांत गावात इतिहासावरून एकदाही भांडण होऊ दिलं नाही. भांडायला थोडं तरी माहीत असावं लागतं. तिथेच तर आपली कामगिरी आहे. म्हणून जाता जाता चार अनुभवाचे बोल.

आधी तारखा पाठ करा. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, युनेस्कोने १९८३ साली मान्य केलेला. १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, हा १९७७ पासून चालत आलाय. आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. ज्यांनी कोणी या तारखा ठरवल्या त्यांनी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं वेळापत्रक पुढ्यात ठेवलं असावं, असं मला राहून राहून वाटतं. एप्रिलात परीक्षा, मे महिन्यात सुटी. दोन्ही दिवशी मुलं नसतातच. पदाधिकाऱ्यांनी एकमेकांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि ऊन उतरायच्या आत घर गाठायचं. अडचण फक्त नोव्हेंबरची. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरलेल्या असतात, हवाही बरी असते, त्यामुळे मुलं येतात. तेवढा आठवडा निभावला की वर्ष निघालं.

सप्ताहाची सुरुवात हेरिटेज वॉकने करा. वॉकला पोलीस बँड, लेझीम आणि ढोलपथक, तिन्ही लावा. एक जरी कमी पडलं तरी मधेच शांतता होते आणि शांततेत मुलं प्रश्न विचारतात. मी एकदा ढोलपथकाचे पैसे वाचवायला गेलो आणि पस्तावलो. गोष्ट वेशीजवळची. तिथे उजव्या हाताला आपली वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आहे ना, जिला निम्मं गाव म्हसोबा म्हणतं आणि उरलेलं निम्मं सायकल टेकवतं, तिलाच मांडववाल्याने दोरी बांधली होती. पाहुण्यांची गाडी यायला वेळ होता. पाचवीतलं एक पोरगं उकिडवं बसून दगडाकडे बघत होतं. तीन चौकटी. खालच्या चौकटीत ढालतलवार घेतलेली माणसं, एक आडवा पडलेला, आणि कोपऱ्यात शेंदराच्या थराखालून डोकावणाऱ्या गाई. मधल्या चौकटीत तोच माणूस, दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय आणि डोक्यावर चंद्रसूर्य आहेत. पोराने मला विचारलं, "सर, गाई कोणी पळवल्या?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? गाई आहेत म्हणजे हा बहुधा गावची गुरं सोडवताना पडला, चंद्रसूर्य आहेत तोवर त्याचं नाव राहावं म्हणून गावाने हा दगड उभा केला, एवढं मला येत होतं. पण तेवढं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, 'मग त्याचं नाव काय?' आणि त्याच्या पुढचा, 'मग आपण त्याला दोरी का बांधली?' सुदैवाने गाडी आली. मी म्हटलं, "बाळ, रांगेत उभा राहा." तेव्हापासून ढोलपथकाला मी कधी नाही म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू नका.

प्रमुख पाहुणे निवडताना व्यासंग बघू नका, गळा बघा. सध्या विषयाची टंचाई नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा निदान पाच वर्षं तरी भाषणाची सोय झाली. पाहुणे 'महाराष्ट्राचे बारा किल्ले' म्हणतील. म्हणू द्या. त्यातले अकराच महाराष्ट्रातले, बारावा जिंजीचा, तो तमिळनाडूत, हे माहीत असलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. जिंजी निघाली की राजाराम महाराज तिथे का गेले हे सांगावं लागतं, रायगड पडल्यावर स्वराज्य आठेक वर्षं शेकडो कोसांवरून कसं चाललं हे सांगावं लागतं, १६९८ साली तो गड कसा गेला हेही आलंच. एवढ्यात पोहे गार होतात. पाहुण्यांना रोमांच उभे करायला बोलावलंय, नकाशा उलगडायला नव्हे.

चित्रकला आणि रांगोळी स्पर्धेबद्दल वेगळं सांगायला नको. विषय रायगड. बक्षीस मेघडंबरीला.

निबंध स्पर्धा मात्र नीट सांभाळा, तिथे घात होतो. विषय मोघम ठेवा, 'आपला वारसा, आपला अभिमान' असा काही. असा विषय दिला की सगळे निबंध एकाच वाक्याने सुरू होतात, 'वारसा म्हणजे पूर्वजांनी आपल्याला दिलेली अमूल्य देणगी होय', आणि परीक्षकांचं काम हलकं होतं, फक्त अक्षर बघायचं. तरी एखादं मूल चुकतंच. एका वर्षी सातवीतल्या मुलीचा दीड पानी निबंध आला. देणगी नाही, अभिमान नाही, एकदम सुरुवात अशी की माझी आजी म्हणते बारवेच्या तळाला कासव आहे. पुढे सगळं आजीचंच. बहात्तरच्या दुष्काळात आजी सासरी नवीन होती, दिवसभर खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची. विहिरी आटल्या, तेव्हा बायका पाण्यासाठी बारवेत उतरल्या. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या पहिल्यांदाच उघड्या पडल्या होत्या. शेवटच्या पायरीखालच्या दगडावर कासव कोरलेलं होतं. एक म्हातारी म्हणाली, कासव दिसलं म्हणजे आता याच्या खाली काही नाही. बायकांनी कासवाला हळदकुंकू वाहिलं आणि वाटीवाटीने पाणी भरलं. पावसाळ्यात पाणी चढलं, आणि त्यानंतर आजीने कासव पाहिलं नाही.

परीक्षक तिघे होते. एक म्हणाले, शब्दमर्यादा पाळलेली नाही. दुसरे म्हणाले, युनेस्कोचा उल्लेख नाही. तिसऱ्यांनी आजीच्या जागी इतिहासकाराचं अवतरण हवं होतं, असा शेरा मारला. मी अध्यक्षस्थानी असल्याने तिघांशीही सहमत झालो. 'विषयांतर' असा लाल शाईत अभिप्राय देऊन निबंध परत केला. मुलगी निराश होऊ नये म्हणून सहभागाचं प्रमाणपत्र दिलं, आणि त्यावर तिचं नाव चुकलं होतं ते तिने घरीच दुरुस्त केलं असावं.

दिवाळीचे किल्ले नोव्हेंबराच्या अहवालात घालायला विसरू नका. आपल्याला काही करावं लागत नाही, पोरं आपणहून माती कालवतात, अहळीव पेरून जंगल उगवतात, माची कुठे आणि बुरूज कुठे यावरून तासन् तास वाद घालतात. आपण फक्त फोटो काढून नेऊन 'मंडळाच्या प्रेरणेने' असं लिहायचं.

संवर्धन हा शब्द परिपत्रकात तीनदा येतो, तेव्हा काहीतरी संवर्धन हे करावंच लागतं. मी वेशीचं केलं. वेशीच्या दरजांतला जुना चुना भुगा होऊन गळत होता. पुण्याहून आलेला एक तरुण वास्तुविशारद म्हणाला, चुनाच भरा, चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट भरलंत तर ओल आत कोंडेल आणि दगडच फुटायला लागेल. पूर्वी घाण्यात चुना मळताना गूळ आणि बेलफळ घालत, हेही तो सांगत बसला. मी त्याला चहा पाजला आणि गवंड्याला सिमेंट आणायला पाठवलं. गूळ आणि बेलफळाची पावती ऑडिटला कोण दाखवणार? काम चार दिवसांत झालं. वर गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट मारला, त्याने वेस अशी झळाळली की लग्नाच्या फोटोंसाठी जोडपी येऊ लागली. दोन पावसाळ्यांनंतर पापुद्रे सुटले, पण तोवर माझी मुदत संपत आली होती.

कायद्याची भीती बाळगू नका. १९५८ चा केंद्राचा कायदा कडक आहे, स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याचा १९६० चा वेगळा. पण ते यादीतल्या स्मारकांसाठी. केंद्राची राज्यातली यादी तीनशेलाही पोचत नाही. आपली वेस, आपली बारव, आपली वीरगळ कुठल्याच यादीत नाही. म्हणजे तिचं काहीही करायला आपण मोकळे आहोत, जपायलासुद्धा, पण त्याचं परिपत्रक अजून आलेलं नाही.

आता शेवटचं आणि सगळ्यात जपून करायचं. मोडीचा वर्ग. पुराभिलेख खातं असे वर्ग घेतं म्हणून आपणही घ्यावेत, अशी टूम मध्यंतरी निघाली. कबूल करतो, मी भुललो. मला वाटलं, चारदोन निवृत्त मास्तर येतील, बाराखडी गिरवतील, समारोपाला फोटो. आले सव्वीस जण. त्यात बाजारपेठेतला एक किराणा दुकानदार होता. बारा दिवस तो मागच्या बाकावर निमूट बसून गिरवत राहिला. तेराव्या दिवशी लाल कापडात बांधलेला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, घेऊन आला. पणजोबांच्या पेटीत होता, म्हणाला, आम्ही दसऱ्याला त्याची पूजा करतो, आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. शिक्षकांनी गाठ सोडली. कागदाची घडी उलगडताना मला तेव्हाच उठायला हवं होतं. हात न उचलता लिहिलेल्या त्या लगोलग ओळी, पहिल्यांदा सगळे अडखळले, मग एकेक शब्द सुटायला लागला. 'देवस्थान' सुटला. 'इनाम' सुटला. मग चतुःसीमा सुटल्या: पूर्वेस ओढा, पश्चिमेस वेस. वर्गात सगळे आपल्याच गावचे. ओढा आणि वेस यांच्या मधे आज कोणाचं मंगल कार्यालय आहे, हे मी सांगायला नको. आपले सगळे कार्यक्रम तिथेच होतात, तेही भाडं न देता.

वर्ग त्याच संध्याकाळी तांत्रिक कारणास्तव स्थगित केला. दुकानदाराला समजावलं की जुने कागद उघडले की झिजतात, बांधून ठेवलेलेच बरे. तो मान हलवून गेला, पण वाचायला शिकलेला माणूस काही ते परत विसरत नाही. त्याच्या दुकानात उधारी ठेवू नका. अहवालात मी 'मोडी लिपी परिचय, लाभार्थी २६' असं लिहिलं, वरून शाबासकीचं पत्र आलं.

तर सगळी कागदपत्रं कपाटात आहेत. फ्लेक्सची फाइल वेगळी, निळी. तिच्यात आपलं कायमचं डिझाइन आहे, फक्त सालाचा आकडा आणि पाहुण्यांचा फोटो बदलायचा. कार्यक्रम झाला की फ्लेक्स उतरवायला माणूस पाठवा असं परिपत्रकात असतं. मी पाठवत नसे, वारा ते काम फुकटात करतो.

कार्यभार सोडताना एकदा बारवेवर जाऊन आलो. म्हटलं, त्या मुलीचं कासव आहे की नाही ते तरी बघावं. मे महिना होता. काठावरून वाकून पाहिलं. पायऱ्या अर्ध्यावर दिसत होत्या, त्याखाली निर्माल्य, बाटल्या, कोणाची तरी गादी, आणि त्यावर आडवा पसरलेला आपलाच तीन वर्षांपूर्वीचा फ्लेक्स. 'वारसा' खाली दबलं होतं, 'जपू या' तेवढं वर होतं. रंग मात्र जराही उडालेला नव्हता. या वर्षीही त्याच फ्लेक्सवाल्याकडून करून घ्या.