घरच्या घरी व्यसनमुक्तीचे अक्सीर इलाज

मुलाच्या कपाटात कपड्यांमागे रिकाम्या क्वार्टर सापडल्या, किंवा पाकिटातून पावडरीची इवलीशी पुडी निघाली, तर घाबरू नका. आधी खिडक्या लावून घ्या. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल तर भिंती पातळ असतात आणि नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये असाल तर समोरच्या गॅलरीतल्या काकूंचे कान तयार असतात. मुलाचं काय व्हायचं ते होईल, सोसायटीत नाव जाता कामा नये. कुणी विचारलंच तर ‘कावीळ झालीय’ म्हणून सांगा. कावीळ हे फार सोयीचं दुखणं आहे. माणूस महिनाभर दिसला नाही तरी चालतं आणि दारू डॉक्टरांनी आपोआप बंद केलेली असते.

मग निदान. तुमचा मुलगा व्यसनी नाहीच. व्यसनी म्हणजे स्टेशनच्या पुलाखाली पडलेला तो. तुमचा ऐरोलीच्या आयटी पार्कात आहे, त्याला ताण असतो. शिवाय बिअर म्हणजे काही दारू नव्हे, आणि दारू पिण्याचा परवानासुद्धा आपलं राज्य ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणूनच देतं. सरकारपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? एमडीचं, म्हणजे त्या पुडीतल्या मेफेड्रोनचं म्हणाल तर ती २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात आली असेल, पण तो फक्त शनिवारीच घेतो. हल्ली शनिवार गुरुवारीच सुरू होतो, एवढंच.

तरीही कुणी आगाऊ डॉक्टर ‘हा आजार आहे’ म्हणालाच, तर हसून सोडून द्या. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार मानसिक आजारांत धरतो म्हणे. धरू दे. आपल्याकडे याला एकच औषध आहे: ‘मनावर घे.’ सकाळी चहासोबत एकदा, रात्री जेवताना एकदा, आणि पाहुणे आले की सर्वांसमक्ष एकदा. हा उपदेश करणाऱ्या काकांच्या गालात त्या वेळी मावा असला तरी बिघडत नाही. तंबाखू पचनासाठी असते.

मनावर घेऊनही सुटत नसेल तर खोलीत कोंडा आणि एका दिवसात बंद करा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी तोडली की दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, आणि उपचार नसतील तर जीवही जातो, असं डॉक्टर सांगतात. त्यांना बेड भरायचे असतात. तिसऱ्या रात्री मुलगा घामाने निथळत चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचायला लागला, एकेक चिमटीत धरून तुम्हाला दाखवू लागला, तर ॲम्ब्युलन्स मुळीच बोलावू नका. खाली गेटवर वॉचमन ती वहीत लिहितो. गावाकडे फोन लावा आणि बाहेरचं काही आहे का ते बघून घ्या.

त्याच्या आईसाठी वेगळा इलाज आहे. लोकलच्या डब्यात दाराजवळ चिकटवलेला कागद तिने वाचलेला असेलच: दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता. पुडी आणा. तो अंघोळीला गेला की परातीत कणीक घ्या, मधोमध खळगा करा, पावडर त्यात टाका आणि मीठ घातल्यासारखं करून मळा. पुडीत काय आहे ते विचारू नका, विकणारालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम असेल, तर ते खरं औषध आहे. फक्त डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून देतात. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. त्याला दोन पोळ्या जास्त वाढा. पुढे काही कमीजास्त झालं तर ‘दारूनेच घेतला’ म्हणायला आपण मोकळे.

आता रामबाण. लग्न. जबाबदारी पडली की सुधारेल, हे आपल्याकडे इतक्या पिढ्या चालत आलंय की खोटं असणं शक्यच नाही. बायोडाटात ‘निर्व्यसनी’ ठळक टाका, पगाराच्याही वर. मुलगी लांबची बघा. तिकडे कोकणात नाहीतर घाटावर, म्हणजे ठाण्यात तिला विचारपूस करायला मामा-मावशी नसतील. कांदेपोह्यांच्या दिवशी मुलाला सकाळपासून नजरेखाली ठेवा आणि हात थरथरत असतील तर बशी त्याच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. साखरपुडा ते लग्न अंतर कमी ठेवा. आणि लग्नानंतरही सुटली नाही तर दोष कुणाचा हे ठरलेलं आहे. जे आईला पंचवीस-तीस वर्षांत जमलं नाही ते सुनेला पहिल्या दिवाळसणापर्यंत जमायला हवं. नाही जमलं? मग मूल होऊ द्या.

एवढं करूनही मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच लागलं तर ठाण्यातला गाठू नका. आपल्या शहरात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि त्यावरून अख्खा महाराष्ट्र ‘ठाण्याला पाठवा याला’ म्हणत आलाय. त्यात आपण भर कशाला घालायची? वाशीचा डॉक्टर बघा. वाशीवाले ठाण्याचा बघतात. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये दोन्हीकडचे समोरासमोर बसून खिडकीबाहेर बघतात.

व्यसनमुक्ती केंद्रात ॲडमिट केलंत की तुमचं काम संपलं. नातेवाइकांच्या मीटिंगला बोलावतील, जाऊ नका. पितो तो, बसायचं तुम्ही, हा कुठला न्याय? ब्राउन शुगरवाला असेल आणि तलफ आवरायला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांनी सुरू केली असेल, तर ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणून ती परस्पर थांबवा. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, आणि नशेकडे परत वळलेला माणूस जुनाच डोस घेतो तेव्हा श्वास थांबू शकतो, हे तुम्हाला डिस्चार्जच्या दिवशी सांगतील. पण त्या वेळी तुम्ही बिलाच्या काउंटरवर असाल.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत नंबरही आहे. सेव्ह करू नका, फोन कुणाच्याही हातात जातो. आणि एकटं वाटून घेऊ नका. २०१९ मध्ये एम्सच्या तज्ज्ञांनी केलेलं देशभराचं सर्वेक्षण आलं, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकानेच काही उपचार मिळाल्याचं सांगितलं होतं. उरलेले ३७ आपल्याच पद्धतीने चाललेत.

यातूनही एखादा पठ्ठ्या बरा होऊन परत येतो. मीटिंगला जातो, गोळ्या घेतो, सकाळी तलावपाळीला चालायला निघतो. त्याच्यावर लक्ष ठेवा. पाकीट मोजा, तोंडाचा वास घ्या. व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरतात, दमा आणि रक्तदाबातही साधारण तसंच असतं, पण दमा उलटला म्हणून कुणी दमेकऱ्याला घराबाहेर काढत नाही. तेवढी सवलत आपण याला द्यायची नाही. घरात हळद असेल तर त्याला आवर्जून बोलवा. डीजे लागला की मावसभावाने ग्लास पुढे करून म्हणायचं, ‘एक घे रे, एकाने काय होतंय?’ नको म्हणाला तर ‘फार शहाणा झालास’ म्हणा. दुसऱ्यांदा नको म्हणाला तर ‘आमचा मान नाही ठेवलास’ म्हणा. तिसऱ्यांदा घेईल. मग ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, याचं काही खरं नाही’ हे वाक्य लगेच म्हणून टाका. उशीर केलात तर मावसभाऊ आधी म्हणेल.